बंदराच्या सुरक्षेसाठी सरकारी अनुदान : घेताना नेमकं काय घेतलं जातं?



स्थानिक शासनसंस्था शिकवताना आपण मुलांना सांगतो की नगरपालिका, महापालिका यांचं उत्पन्न दोन वाटांनी येतं : कर आणि सरकारी अनुदान. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, आपण गुण देतो. पण अनुदान 'मिळतं' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, ते 'घ्यावं' लागतं, घेण्यासाठी ठराव करावा लागतो आणि त्या ठरावाच्या वेळी 'नको' असंही म्हणता येतं, हे मुलांच्या लक्षातच येत नाही. खरं सांगायचं तर आपल्याही येत नाही.

आज यासाठी एक उदाहरण घेऊ. ते अमेरिकेतलं आहे, कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड बंदराचं. इतक्या लांब कशाला जायचं, असं वाटेल. पण बंदराच्या सुरक्षेचं अनुदान स्वीकारण्याच्या एका ठरावावरून तिथे शहरभर वाद झाला, आणि त्या वादातून पुढे एक कायदा तयार झाला. असं स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही. शिवाय त्या प्रकरणात शाळांमधले कॅमेरेही होते, म्हणून पालकांनीही जरूर वाचावं.

हे पैसे आले कुठून?

११ सप्टेंबर २००१ चा अमेरिकेवरचा हल्ला विमानांनी झाला. पण त्यानंतर तिथल्या सरकारला बंदरांचीही काळजी वाटू लागली. कारण सोपं आहे. कंटेनर म्हणजे कुलूपबंद लोखंडी खोका. आत काय आहे ते कागदावर लिहिलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक खोका उघडून बघायचा म्हटलं तर बंदर चार दिवसांत ठप्प होईल. न उघडता सोडायचा म्हटलं तर भीती राहते. म्हणून नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेने सागरी वाहतूक सुरक्षा कायदा केला. त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेची आयएसपीएस नावाची संहिता मंजूर केली. ती १ जुलै २००४ पासून जगभर लागू झाली. आपलं न्हावा शेवा आणि मुंबई बंदर याच संहितेखाली येतात.

आता प्रत्येक बंदराला सुरक्षा आराखडा हवा, सुरक्षा अधिकारी हवा, कुंपण, ओळखपत्रं, दिवे, कॅमेरे हवेत. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तेव्हा अंदाज काढला की त्यांच्या देशात पुढच्या दहा वर्षांत याला सुमारे ७३० कोटी डॉलर लागतील. हे द्यायचे कोणी?

इथे आपल्या आणि त्यांच्या व्यवस्थेतला फरक मुलांना सांगायलाच हवा. आपली मोठी बंदरं केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात आणि तिथे सीआयएसएफचे जवान पहारा देतात. अमेरिकेत बंदरं बहुतेक शहरांची, राज्यांची किंवा खास बंदर मंडळांची असतात, आणि अनेक टर्मिनल खासगी कंपन्या चालवतात. म्हणजे नियम केला केंद्राने, आणि खर्च पडला शहरांवर. मग शहरं म्हणाली, नियम तुमचा आहे तर पैसेही द्या. त्यातून २००२ मध्ये बंदर सुरक्षा अनुदान योजना सुरू झाली. २००७-०८ च्या सुमारास या योजनेत वर्षाला ४० कोटी डॉलरच्या जवळपास रक्कम होती. नंतर बरीच वर्षं ती १० कोटींच्या आसपास राहिली. पैसे देण्याचं काम 'फेमा' ही संस्था करते. आपत्ती आल्यावर मदतीला धावणारी केंद्रीय संस्था, म्हणून आपण तिचं नाव बातम्यांत ऐकलेलं असतं.

अनुदानाच्या मागे काय येतं?

हा भाग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही मुख्याध्यापकांना समजावून सांगायची गरज नाही. शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान आलं की काय होतं? कशावर खर्च करायचा ते ठरलेलं असतं. मार्चच्या आत संपवायचं असतं. पावत्या, ठराव, नोंदवही आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. बंदराचं अनुदान याच घराण्यातलं आहे, फक्त आकडे मोठे.

पहिली अट हिश्श्याची. कायद्याने केंद्र साधारणपणे खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देतं, उरलेले २५ टक्के स्थानिकांनी घालायचे. समग्र शिक्षात केंद्र आणि महाराष्ट्र ६० आणि ४० असा वाटा उचलतात, तसंच हे. म्हणजे ३० लाख डॉलरचं 'फुकट' अनुदान घ्यायचं तर शहराने आपल्या खिशातून १० लाख बाजूला काढावे लागतात. ते कुठल्या तरी दुसऱ्या कामातून निघतात. वाचनालय असेल, रस्त्याचे खड्डे असतील.

दुसरी गोष्ट, पैसे बहुधा आधी हातात पडत नाहीत. आधी खर्च करा, बिलं पाठवा, मग परतावा. मुदत असते, अलीकडच्या वर्षांत ती साधारण ३६ महिन्यांची. पर्यावरण आणि वारसा वास्तूंची तपासणी झाल्याशिवाय खांबासाठी खड्डाही खणता येत नाही. शिवाय जे काम शहर आधीपासून स्वतःच्या पैशाने करत होतं, ते अनुदानावर टाकून आपले पैसे वाचवायला मनाई. पैसे ज्या कारणासाठी आले त्याच कारणासाठी वापरायचे. ओकलंड बंदराला लागून वेस्ट ओकलंड नावाची जुनी वस्ती आहे; बंदरातल्या ट्रकच्या डिझेलच्या धुराने तिथल्या मुलांच्या दम्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. पण सुरक्षेच्या अनुदानातला एक डॉलरही त्या धुरासाठी वळवता येत नाही. शौचालयाच्या निधीतून पुस्तकं घेता येत नाहीत, तसंच.

आणि सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे नंतरचा खर्च. यंत्र घ्यायला पैसे मिळतात. ते यंत्र रात्रंदिवस बघत बसणाऱ्या माणसाचा नेहमीचा पगार मात्र आपला आपण द्यायचा. शाळेत संगणक आले आणि वीजबिल थकल्यामुळे मीटर काढून नेलं, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे! यंत्र देणारा आणि बिल भरणारा वेगवेगळे असले की असंच होतं.

हे सगळं जमवणं किती कठीण आहे, याचा एक आकडा सांगतो. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये या योजनेची तपासणी केली. २००६ ते २०१० या काळात जवळपास १७० कोटी डॉलर मंजूर झाले होते, आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश तोपर्यंत बंदरांनी उचललेलेच नव्हते. पैसे मंजूर होते, गरजही होती, तरी काम होत नव्हतं. मंजुऱ्यांना लागणारा वेळ आणि स्थानिक हिस्सा उभा करण्याची अडचण ही त्यातली मोठी कारणं होती.

थोडं विषयांतर होईल, पण सांगून टाकतो. धोका कुंपणावरूनच येईल असंही नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा संगणकी हल्ला झाला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याशी जोडलेली जगभरातली टर्मिनल अडकली. लॉस एंजेलिसचं एक मोठं टर्मिनल बंद पडलं, आणि त्याच हल्ल्याने आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प केलं. कुंपणं दोन्हीकडे शाबूत होती. आता या अनुदानातून संगणकांच्या सुरक्षेसाठीही पैसे मागता येतात, ते त्यामुळेच योग्य वाटतं.

ओकलंडमध्ये काय झालं?

ओकलंड हे सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरचं, साधारण चार लाख वस्तीचं शहर. बंदर शहराचंच आहे, पण कारभार सात सदस्यांचं वेगळं मंडळ पाहतं. विमानतळही याच मंडळाकडे. २००९ मध्ये मंदीतून सावरण्यासाठी अमेरिकेने जो मोठा निधी काढला, त्यात बंदर सुरक्षेसाठी १५ कोटी डॉलर होते, आणि या फेरीत स्थानिक हिस्सा मागितलाच नव्हता. अशी संधी कोण सोडेल? शहर आणि बंदर यांनी मिळून अर्ज केला. मागणी होती एका देखरेख केंद्राची : बंदरावरचे कॅमेरे, कुंपणावरचे इशारे, जहाजांची माहिती, सगळं एका खोलीत, एका पडद्यावर. पुढच्या टप्प्यांची अनुदानं धरून या केंद्रासाठी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम केंद्राकडून येणार होती.

कल्पना वाईट नव्हती, हे आधी मान्य करू. १९८९ च्या भूकंपात याच शहरात दुमजली महामार्गाचा वरचा मजला खालच्यावर कोसळला आणि ४२ माणसं गेली. भूकंपाची भेग आजही शहराखालून जाते. अशा शहरात अग्निशमन, पोलीस आणि बंदर यांना एकाच ठिकाणी बसून परिस्थिती दिसावी, ही गरज खरी आहे. शिवाय ओकलंडमध्ये लुटालुटीचे गुन्हे फार होते आणि पोलीस कमी. केंद्राच्या बाजूने बोलणारे काही मूर्ख नव्हते.

पण आराखडा वाढत गेला. बंदराबरोबर शहरातल्या रस्त्यांवरचे कॅमेरे जोडायचे, गाड्यांचे नंबर टिपणारी यंत्रं जोडायची, गोळीबाराचा आवाज ओळखणारी यंत्रणा जोडायची. शाळांमधले कॅमेरेही जोडण्याचा विचार त्यात आला. इथे थांबून विचार करा. पैसे कशासाठी आले होते? बंदरासाठी. आणि बंदरापासून कितीतरी दूर, शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत धावणाऱ्या मुलाचं चित्र त्या खोलीत जाणार होतं. ते चित्र कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कोणाला देणार, याचे नियम तोपर्यंत लिहिलेलेच नव्हते.

३० जुलै २०१३ रोजी दुसऱ्या टप्प्याचं २० लाख डॉलरचं अनुदान स्वीकारण्याचा ठराव सिटी कौन्सिलसमोर, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेच्या सर्वसाधारण सभेसमोर आला. त्याआधी दोनच महिने एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या गुप्त पाळतीची कागदपत्रं उघड केली होती, त्यामुळे लोक आधीच सावध झाले होते. नागरिकांनी विरोध केला. तरी ठराव मंजूर झाला. गोपनीयतेचे नियम नंतर करू, असं ठरलं. माझ्या मते सगळी चूक या 'नंतर' शब्दात आहे. आपण आधी घर बांधतो आणि नंतर दाराला कुलूप कोणतं लावायचं ते ठरवतो, इतपत ठीक. पण दार कुठे असावं हेही नंतर ठरवू, म्हटलं तर कसं चालेल?

पुढचे महिने वाद धुमसत राहिला. 'ईस्ट बे एक्सप्रेस' या स्थानिक साप्ताहिकाने केंद्राची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या आपसातल्या ईमेल मिळवून छापल्या. त्यांत बंदरावरच्या हल्ल्यापेक्षा शहरातल्या मोर्चे-आंदोलनांचाच विषय जास्त येत होता. नोव्हेंबर २०११ मध्ये आंदोलकांनी हेच बंदर एक दिवस बंद पाडलं होतं, हा त्याचा संदर्भ. आता मात्र लोक सभागृहात गर्दी करू लागले. काम मिळालेल्या पहिल्या कंपनीचा अण्वस्त्रांच्या कामाशी संबंध निघाला, आणि ओकलंडचा स्वतःचा अण्वस्त्रमुक्त शहराचा नियम असल्याने तिलाही बाजूला करावं लागलं.

४ मार्च २०१४ च्या सभेत रात्र उलटून गेल्यावर मतदान झालं. सभासद समसमान विभागले गेले. महापौर जीन क्वान यांच्या निर्णायक मताने ठरलं की हे केंद्र फक्त बंदर आणि विमानतळापुरतं राहील. शहराचे कॅमेरे आणि गोळीबार ओळखणारी यंत्रणा त्यातून वगळली गेली.

गोष्ट इथे संपली असती तर ती फक्त एका वादाची बातमी राहिली असती. पण नागरिकांच्या समितीने नियमांचा मसुदा लिहिला आणि जून २०१५ मध्ये तो मंजूर झाला. २०१६ मध्ये नऊ सदस्यांचा कायमचा गोपनीयता सल्लागार आयोग बसला. मे २०१८ मध्ये शहराने कायदाच केला : पाळतीचं कोणतंही तंत्रज्ञान घ्यायचं असेल तर आधी त्याचा परिणाम आणि वापराचे नियम लिहून लोकांसमोर ठेवायचे. त्यातलं एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. अशा तंत्रज्ञानासाठी अनुदानाचा अर्ज करण्याआधीच आयोगाच्या अध्यक्षांना कळवावं लागतं, आणि पैसे स्वीकारण्याआधी कौन्सिलची मंजुरी लागते.

अर्जाआधी का? कारण एकदा अर्ज मंजूर झाला की सभागृहात 'आलेले पैसे परत पाठवायचे का?' एवढाच प्रश्न उरतो. त्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा नगरसेवक सापडणं कठीण. पैसे परत गेले म्हणून उद्या वर्तमानपत्रात नाव येणार त्याचं! खरा प्रश्न होता, 'हे आपल्याला हवं आहे का?' तो विचारण्याची वेळ अर्ज लिहितानाच निघून गेलेली असते.

आपल्याकडे याचा काय संबंध?

२६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ समुद्रातूनच उतरले होते, हे आपल्याला विसरणं शक्य नाही. किनाऱ्याची सुरक्षा हा आपल्यासाठी पुस्तकी विषय नाही. केंद्राची सागरी किनारा सुरक्षा योजना त्याआधी, २००५ मध्येच मंजूर झाली होती. तिच्यातून किनारी राज्यांना सागरी पोलीस ठाणी आणि गस्तीच्या बोटी मिळाल्या, २०११ पासून दुसरा टप्पा आला. पण पोलीस मनुष्यबळ राज्याचं. बोट चालवणारा, इंजिन दुरुस्त करणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर बोट जेटीला बांधून राहते. कोकणातल्या शिक्षकांनी आपल्या जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात मुलांना न्यावं आणि हाच प्रश्न विचारायला लावावा : बोट कोणी दिली, डिझेल कोण भरतं? तिथले कर्मचारी मनमोकळेपणाने सांगतात.

आणि शाळा? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले. मुलांच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कॅमेरे कोणत्याही निधीतून आले असोत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी ओकलंडवाल्यांचेच प्रश्न विचारावेत. पडद्यासमोर कोण बसतं? चित्रण किती दिवस राहतं? ते बाहेर कोणाला आणि कोणाच्या सहीने मिळतं? यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून? बैठकीच्या इतिवृत्तात ही उत्तरं लिहिलेली असली पाहिजेत.

वर्गात घ्यायचं असेल तर

आठवी ते दहावीच्या वर्गात दोन तासिकांत हे सहज होतं. वर्गाचीच सर्वसाधारण सभा करा. विषयपत्रिकेवर एकच ठराव : 'बंदराच्या सुरक्षेसाठी केंद्राचं ३० लाखांचं अनुदान स्वीकारणे, शहराचा हिस्सा १० लाख.' एक मुलगा बंदराचा सुरक्षा अधिकारी, एक मुलगी लेखाधिकारी, दोघे-तिघे वेस्ट ओकलंडचे रहिवासी, एक अग्निशमन दलाचा प्रमुख, एक शाळेतली पालक, बाकी सारे नगरसेवक. लेखाधिकाऱ्याला आधीच चिठ्ठी द्या की पाच वर्षांनंतरचा देखभालखर्च कोणी विचारला तरच सांगायचा, आपणहून नाही. महापौरांची खुर्ची शक्यतो वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाला द्या. मतं समसमान पडली की त्याला बोलावंच लागतं.

ठराव मंजूर झाला तर दुसऱ्या तासिकेला त्याच मुलांना अटी लिहायला लावा. फेटाळला गेला तर सुरक्षा अधिकारी झालेल्या मुलाला उभं करून विचारा, आता कुंपणाचं काय? बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.